तळातले दहा काढून दरी मिटत नाही

आडवी रेघ:
'शेवटचा बाक' यांच्या कालच्या पोस्टमधली रेसिपी: घटक चाचणी घ्या, एकूण गुणांची यादी लावा, तळातल्या दहा मुलांना रोज तासभर जादा वर्ग द्या, पुढच्या चाचणीत गुण वाढतात, हुशार आणि कच्च्या मुलांमधली दरी मिटते. खाली सगळे माना डोलावताहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

२५ पैकी ११ मिळवणाऱ्या दोघांचे ११ सारखे नसतात. एकाचं अडतं अपूर्णांकांवर, दुसऱ्याला शाब्दिक उदाहरण वाचूनच कळत नाही. दोघांना एका खोलीत कोंबून तोच धडा जरा मोठ्या आवाजात शिकवला की झाला तुमचा जादा वर्ग.

तक्ता करा. ओळीत मुलं, स्तंभात प्रश्न. बरोबर उत्तराला १. चुकलं तर निवडलेल्या पर्यायाचं अक्षर. कोरं सोडलं तर रेघ, कारण कोरं आणि चुकीचं एक नव्हे. आणि आधी स्तंभ वाचा, ओळी नंतर. प्रश्न पाऊण वर्गाचा चुकला असेल तर तो धडाच पुन्हा घ्यावा लागतो, तिथे जादा वर्गाचा काही संबंध नाही. हुशार मुलांचा चुकला आणि कच्च्यांचा बरोबर आला, तर आधी उत्तरसूची तपासा, मग प्रश्नाची भाषा.

शेवटचा बाक:
४० मुलं, २५ प्रश्न, म्हणजे हजार नोंदी. भरणार कोण, तुम्ही? माझी पद्धत निदान अमलात तरी येते. आणि गुण वाढतात, हे तुम्हीही नाकारलेलं नाही.

प्रमाणविचलन:
ते मी नाकारतो. गुण जादा वर्गाशिवायही वाढले असते. तळातल्या दहांत काही खरेच कच्चे, काहींचा फक्त तो दिवस वाईट. पुढच्या वेळी हे दुसरे आपोआप वर सरकतात, श्रेय मात्र तुमच्या तासाला.

हिशेबच बघा. ५० गुणांची चाचणी, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत) १०, विश्वासार्हता, म्हणजे तसाच पेपर पुन्हा घेतला तर गुण किती जुळतील याचं ० ते १ मधलं माप, ०.८४ (शाळेत केलेल्या पेपरसाठी हे फारच उदार झालं). मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाच्या गुणांत साधारण किती चूक असते ती, येते १० × √(१ − ०.८४) = ४. म्हणजे १८ गुणांच्या मुलाची खरी पातळी १४ ते २२ मध्ये कुठेही, तेही तीनांतल्या साधारण दोनच वेळा. आणि तुम्ही तळातून दहाव्या आणि अकराव्या मुलात एका गुणावरून भिंत घालता!

शिवाय दुसरा पेपर सोपा निघाला तर वरची मुलं पैकीच्या पैकीला अडकतात, खालची वाढत राहतात. कागदावर दरी कमी, वर्गात होती तेवढीच.

आडवी रेघ:
@शेवटचा बाक, हजार नोंदी कशाला? पेपर एकेक संपवू नका, प्रश्न एकेक संपवा. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. शेजारी कागदावर चुकांच्या खुणा. तपासणीही एकसारखी होते. आणि प्रश्न जोडीने घाला:

अ) सर्वांत मोठी कोणती: ०.४, ०.३५, ०.१२५?
ब) सर्वांत मोठी कोणती: ०.२, ०.३७, ०.४५८?

'अ'मध्ये ०.१२५ निवडणारा १२५ ही पूर्ण संख्या बघतोय. त्याचा 'ब' आपसूक बरोबर येतो. 'अ' बरोबर आणि 'ब'मध्ये ०.२ लिहिणारा समजतो, जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. दोघांनाही दोनांतला एक गुण. यादीत जुळे भाऊ, उपचार मात्र उलटे!

दशांश चिन्ह:
या चुकीचं मूळ चाचणीत नाही, पैशांतून दशांश शिकवण्यात आहे! पैशांत दोनच घरं. मुलाला वाटतं टिंबाच्या डावीकडे एक संख्या, उजवीकडे दुसरी. मग ०.४ म्हणजे चार आणि ०.३५ म्हणजे पस्तीस. हे बंद करा, निम्मी दरी तिथेच मिटेल.

शेवटचा बाक:
आता पैसेही नकोत! मुलाला घरून येणारी एकमेव दशांशाची ओळख तीच आहे.

दशांश चिन्ह:
ओळख नव्हे, गैरसमज. मग तुम्ही 'मागे शून्य लावा, ०.४० करा' शिकवता. उत्तर बरोबर येतं, समज तीच राहते, आणि पुढची चाचणी ती झाकते. १०० घरांचा चौकोन घ्या: ०.४ म्हणजे चार पूर्ण रांगा, ०.३५ म्हणजे साडेतीन. रंगवू द्या. शून्य नंतर.

प्रमाणविचलन:
चौकोनही ०.१२५ला अडतो, अर्धं घर रंगवावं लागतं. मीटरपट्टी घ्या, मिलिमीटरपर्यंत तीन घरं मिळतात. आणि ज्याला 'जास्त अंक म्हणजे लहान' वाटतं, त्याला चौकोन नको, संख्यारेषा हवी. धागा कशाचा होता, कुणाला आठवतं का?

निळी शाई:
मला आठवतं. यादीचा खरा धोका कुणी बोललंच नाही. उत्तीर्णांच्या टक्क्यावर शाळा जोखली की शिक्षक उत्तीर्णतेच्या रेघेजवळच्या मुलांवर मेहनत घेतात, कारण तिथे दोन गुणांत निकाल बदलतो. अमेरिकेत चाचण्यांच्या निकालावर शाळा जोखणाऱ्या २००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानंतर हेच झालं. शिकागोच्या शाळांवरचा नील आणि शान्झेनबाख या अर्थतज्ज्ञांचा २०१०चा अभ्यास सांगतो: मधल्यांचे गुण वाढले, अगदी तळातल्यांच्या पदरात जवळपास काही पडलं नाही. आणि हो, त्या कायद्याने वंश, उत्पन्न अशा गटवार निकाल जाहीर करायला लावले म्हणून सरासरीखाली दडलेली मुलं दिसली तरी. निकाल वापरू नका म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं.

शेवटचा बाक:
वा! म्हणजे निदान तळातले दहा मी निवडले, रेघेजवळचे नाही, एवढं पुण्य पदरी. बरं, तुमची ती जोडी पुढच्या पेपरात घालतो. तासभराचा वर्ग मात्र राहणार.

आडवी रेघ:
राहू दे, पण दहा जण कायमचे नकोत. चुकीनुसार गट करा, तीन-चार आठवड्यांनी आकडे बदलून तीच जोडी पुन्हा द्या, दोन्ही बरोबर आल्या की मूल गटाबाहेर. तोच पेपर पुन्हा दिलात तर उत्तरं पाठ होतात.