"कुठलं सूत्र लावायचं ते सांगा, मग सोडवतो" – अशा मुलांना उदाहरणं सोडवायला शिकवायचं कसं?

उजळणी:
नववी-दहावीला गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवते. तक्रार जुनीच आहे, पण शेवटी धागा काढतेच. धडा शिकवून झाला की त्यामागचा सरावसंच मुलं धडाधड सोडवतात, मला वाटतं चला जमलं, आणि मग तेच उदाहरण दोन महिन्यांनी जरा वेगळ्या शब्दांत दिलं की वर्गात शांतता. पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, हे कुठल्या धड्यातलं?" धडा सांगितला की पुढचं पाच मिनिटांत होतं. म्हणजे आकडेमोड येते, सूत्रं पाठ आहेत, बीजगणित बरं आहे, फक्त यातलं कुठलं कधी काढायचं तेच कळत नाही.

गणितज्ञ पोल्याच्या १९४५ च्या, उदाहरण सोडवायच्या त्या प्रसिद्ध चार पायऱ्या (प्रश्न समजून घ्या, योजना करा, योजना अमलात आणा, मागे वळून पाहा) मोठ्या अक्षरांत वर्गात लावल्या. मुलांनी त्याही पाठ केल्या :) "योजना करा" पाशी वही कोरीच राहते.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, ही निवड करणं शिकवता येतं का की ज्याचं त्याला येतं? दुसरं, आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत, एक म्हणतो काही दाखवू नका, झगडू दे, दुसरा म्हणतो फळ्यावर भरपूर सोडवून दाखवा, बघून बघून येतं. तुमचा अनुभव काय?

घर्षण:
शिकवता येतं, पण त्यासाठी उदाहरण न सोडवता त्यावर बोलायला वेळ काढावा लागतो आणि तिथेच सगळ्यांचा जीव जातो.

१९८१ मध्ये ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी एक साधा प्रयोग केला होता, भौतिकशास्त्राची उदाहरणं कार्डांवर लिहून दिली आणि सांगितलं सोडवू नका, फक्त सारखी सारखी एकत्र ठेवा. नवख्यांनी उताराची एका गठ्ठ्यात, स्प्रिंगची दुसऱ्यात असं चित्र बघून लावलं. मुरलेल्यांनी तत्त्व बघून लावलं, ऊर्जेची अक्षय्यता इकडे, न्यूटनचा दुसरा नियम तिकडे. तुमची मुलं "कुठल्या धड्यातलं" विचारतात तेव्हा त्यांना चित्रच दिसत असतं, आतलं तत्त्व दिसत नाही.

मी हे वर्गात असं करतो. तीन उदाहरणं देतो.
गुळगुळीत उतारावर ५ मीटर उंचीवरून ठोकळा सोडला, तळाशी वेग किती?
दोरीला टांगलेला गोळा सगळ्यात खालच्या जागेपेक्षा ५ मीटर वर नेऊन सोडला, खाली येताना वेग किती?
तोच उतार, ३० अंशांचा, ठोकळ्याला तळाशी पोचायला वेळ किती?
विचारतो की यातली जोडी कुठली. जवळजवळ सगळे पहिलं आणि तिसरं म्हणतात, दोन्हीत उतार आहे ना! खरी जोडी पहिलं आणि दुसरं, स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा झाली, संपलं, g (गुरुत्वत्वरण) १० धरला तर दोन्हीकडे वेग १० मीटर प्रति सेकंद, कोन किती आणि दोरी किती लांब याची गरजच पडली नाही. तिसऱ्यात वेळ विचारलाय आणि उंची, वेग, ऊर्जा यांच्या समीकरणात वेळ कुठे येतच नाही, म्हणून त्वरण काढावं लागतं (५), उताराची लांबी काढावी लागते (१०), मग २ सेकंद. "काय विचारलंय आणि कुठल्या नियमात ते बसतं" हा प्रश्न इथे खरा होतो, तक्त्यावर लिहून होत नाही. अख्खा तास गेला तरी चालेल, त्या तासात एकही उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं नाही तरीसुद्धा.

हातचा_एक:
घर्षण यांच्याशी सहमत, पण मूळ दोष सरावसंचाचा आहे असं माझं मत. वर्गसमीकरणांच्या धड्यामागे २० उदाहरणं आणि विसाच्या वीस वर्गसमीकरणांची, मग मुलांनी निवड करायला शिकावं कुठे? निवड तर धड्याच्या नावानेच करून दिली. मुलगा प्रश्न वाचतसुद्धा नाही, त्यातले आकडे उचलतो आणि सूत्रात टाकतो.

रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग बघा. घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना प्रकारवारवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर प्रकारवार २० टक्के आणि मिसळवाले ६३! म्हणजे आपल्याला वर्गात जे "चला जमलं" वाटतं ते बहुतेक वेळा फसवं असतं. कॉलेजच्या मुलांवरचा लहान प्रयोग आहे, शाळेत आकडे असेच येतील असं नाही, पण दिशा मला तरी पटते.

करायचं काय तर गृहपाठात आजच्या धड्याची तीनच आणि मागच्या धड्यांतली चार-पाच, धड्याचं नाव न लिहिता. सुरुवातीला मुलं रडतात, मार्क पडतात, पालक विचारतात की सोपं होतं ते अवघड का झालं. तयारी ठेवा.

पाटी_कोरी:
वरचे दोन्ही प्रतिसाद छान, पण आधी मुळात पद्धत यायला पाहिजे हे विसरू नका. ज्याला एकही पद्धत धड येत नाही त्याच्यापुढे मिसळ ठेवली तर तो फक्त हताश होतो.

दोन तटांबद्दल. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर काम केलं होतं, नवीन शिकणाऱ्यांना सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला दिली तर ती मुलं नुसतं सोडवत बसलेल्यांपेक्षा कमी वेळात शिकतात. कारणही पटण्यासारखं आहे, डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात, आणि उत्तर शोधायच्या धडपडीतच ती जागा भरून गेली तर पद्धत लक्षात ठेवायला काही उरत नाही. पण पुढे हेही दिसलं की मूल तयार झालं की तीच सोडवलेली उदाहरणं निरुपयोगी होतात, उलट अडथळा करतात. म्हणजे तुमचे दोन्ही तट बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत.

माझी पद्धत: पहिलं उदाहरण फळ्यावर पूर्ण, दुसऱ्यात शेवटची पायरी मुलांनी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं करत करत फळा कोरा. आणि फळ्यावर सोडवताना "का" मोठ्याने बोलायचं, "इथे मला उंची दिलीये, वेळ दिलेला नाही, म्हणून मी आधी ऊर्जेकडे बघतेय" असं. आपण फळ्यावर फक्त स्वच्छ उत्तर लिहितो, निवड आपल्या डोक्यातच राहते, मग मुलांना ती दिसणार कशी?

घर्षण:
@पाटी_कोरी, थोडं असहमत. आधी दहा मिनिटं मुलांना झगडू दिलं आणि मग दाखवलं तर दाखवलेलं जास्त चिकटतं, असं सांगणारे कपूर यांचे प्रयोगही आहेत. अट एवढीच की नंतर दाखवायचं! झगडू द्या म्हणणारे नेमकं ते विसरतात आणि तास संपतो.

पाटी_कोरी:
दहा मिनिटं मान्य. अख्खा तास नाही.

उजळणी:
सगळ्यांचे आभार, तीन उदाहरणांची जोडी उद्याच वापरणार. अजून एक शंका. "मागे वळून पाहा" ही पायरी कोणीच करत नाही. उत्तर आलं की खाली दोन रेघा आणि पुढचं उदाहरण. माणसाची उंची १७ किलोमीटर आली तरी रेघा ओढतात.

हातचा_एक:
कारण मागे वळून काही सापडतच नाही ना त्यांना, नेहमी उत्तर बरोबरच असतं किंवा मॅडम सांगतात. सापडेल अशी उदाहरणं द्या. माझं आवडतं: जाताना ६० किमी अंतर ताशी ३० किमी वेगाने गेलो, जाऊन-येऊन सरासरी ताशी ६० पडायला हवी असेल तर येताना वेग किती ठेवू? सगळे ९० म्हणतात, ३० आणि ९० ची सरासरी ६०, झालं. मग म्हणायचं, ९० घालून तपासा. जायला २ तास, यायला ४० मिनिटं, १२० किमीला २ तास ४० मिनिटं, सरासरी ४५. हलकल्लोळ होतो. मग कोणीतरी बघतं की ताशी ६० ने १२० किमीला मिळतातच २ तास, आणि ते तर जातानाच संपले. कितीही पळवा, जमणार नाही. "उत्तर नाही" हे उत्तर असू शकतं हे बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच कळतं.

अवांतर: फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या लोकांनी १९८० च्या आसपास लहान मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. मुलं मूर्ख नव्हती, शाळेतल्या प्रश्नाला उत्तर असतंच आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात हे ती शाळेतच शिकली होती.

तिरका_कोन:
उशिरा आलो. एक सोपी गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. शोनफेल्ड नावाचे गणितशिक्षणातले संशोधक मुलं गटात सोडवत असताना मध्येच जाऊन विचारायचे: नक्की काय करताय? का करताय? याने पुढे काय मिळणार? त्यांनी मुलांचे व्हिडिओ काढून बघितले होते, मुलं प्रश्न वाचतात, घाईत एक वाट धरतात आणि वेळ संपेपर्यंत तीच ओढतात. मुरलेला गणितज्ञ त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ नुसता विचार करत बसतो आणि वाट चुकली की सोडून देतो.

मी तेच करतो. पहिले काही आठवडे मुलं बावरतात, त्यांना वाटतं सरांनी विचारलं म्हणजे चुकलंच, लगेच खोडायला लागतात. म्हणून बरोबर चाललं असेल तिथेही विचारायचं, मुद्दाम. नंतर मी बाकाजवळ पोचायच्या आधी आपापसांत "का करतोय रे आपण हे" ऐकू येतं.

उजळणी:
हे आवडलं. पण साठ मुलांच्या वर्गात किती गटांपर्यंत पोचता तुम्ही?

तिरका_कोन:
सगळ्यांपर्यंत नाही पोचत. एका तासाला चार-पाच गट, आणि कुठले ते आधी सांगत नाही. शिवाय चाचणीत एक प्रश्न असा ठेवतो की सोडवायचं नाही, फक्त कुठला नियम लावाल आणि का ते दोन ओळींत लिहा, पूर्ण मार्क. मार्क आहेत म्हटल्यावर लिहितात बरोबर.