ब्रिटनने युरोपीय संघ सोडला ते बरोबर केलं का?

डिचोलीकर: माझा मावसभाऊ पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघातल्या देशाच्या पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला, तिथल्या गोदामात कामाला आहे. त्याच्या मते ब्रिटनने घोडचूक केली. आमचे शेजारचे मास्तर म्हणतात, आपले कायदे आपणच करायला हवेत. तुमचं मत काय?

फोंड्याची_वहिनी: मास्तरांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. पण ब्रिटनच्या २०१६ च्या जनमत कौलात प्रश्न फक्त राहायचं की निघायचं एवढाच होता. निघून जायचं कुठे, एकल बाजारपेठेत (संघातल्या देशांच्या सामाईक बाजारात) राहायचं की नाही, उत्तर आयर्लंडच्या संघातल्या आयर्लंडशी असलेल्या सीमेचं काय, यातलं काहीच मतपत्रिकेवर नव्हतं. ५१.९ टक्के मतांनी निघायचा निकाल लागला आणि बाहेर पडायला २०२० चा जानेवारी उजाडला. आपल्या गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात फूल हे चिन्ह म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश, हे मतदाराला ठाऊक होतं. आमच्या घरात सासरे फुलाचे, सासूबाई पानांच्या. तरी दोघांनाही कळत होतं आपण काय मागतोय. देशाने जरूर बाहेर पडावं, पण पुढची व्यवस्था लोकांसमोर ठेवून, तिच्यावर मत घेऊन. ब्रिटनने ते केलं नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मडगावचा_दादा: वहिनी, पटलं. डिचोलीकर, भाऊ २०२० संपायच्या आत तिथे राहायला गेला होता ना? सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क, मिळालाय का, ते आधी विचार. आता नव्याने जाणाऱ्याला त्या पासपोर्टवरही कामासाठी व्हिसा लागतो.

डिचोलीकर: २०१८ ला गेलाय. आज रात्री फोन करून विचारतो.