‘तू फक्त आतल्या खोलीत बस’: शनिवारच्या आत काय उत्तर देऊ?

अर्धविराम (मंगळवार)

थोडक्यात विचारलं तर ‘नाही म्हण’ एवढंच उत्तर येईल आणि ते मलाही ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कॉलेजपासूनचा मित्र. सात महिने घरी आहे. त्याची अख्खी टीमच बंद झाली, त्यात तोही गेला. आता एका कंपनीची ऑनलाइन चाचणी आलीय, येत्या शनिवारी. ९० मिनिटं, तीन प्रश्न, कोड लिहून चालवून दाखवायचा, कॅमेरा चालू. रविवारी रात्री त्याचा फोन. आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं, मग म्हणाला, ‘तू फक्त आतल्या खोलीत बस. केबल ओढून तुझ्यासमोर मॉनिटर लावतो. पहिले दोन मी बघतो, तिसरा अडला तर तू सांग.’ सांगायचं कसं, तर कानातल्या छोट्या इअरफोनवरून. म्हणजे बेत आधीच शिजला होता, फक्त माझी खुर्ची रिकामी होती.

मी ‘बघतो’ म्हणालो. हे ‘बघतो’च नडलंय. त्याने ते ‘हो’ धरलं. काल मेसेज आला: ‘शनिवारी नऊला ये, साडेनऊला लॉगिन.’

आता खरी अडचण. १२ वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच नोकरीच्या लेखी परीक्षेला बसलो होतो. तो माझ्या पुढच्या बाकावर. पर्याय निवडून गोल रंगवायचे. नळ आणि टाकीचं गणित होतं, दोन नळ भरतात, एक रिकामी करतो. मला काही केल्या सुटेना. तेव्हा त्याने उत्तरपत्रिका बाकाच्या उजव्या कडेला सरकवली आणि खांदा किंचित डावीकडे घेतला. मी मागितलं नव्हतं. पण पाहिलं. एक नाही, चार उत्तरं पाहिली. मला ती नोकरी लागली. तो पुढच्या मुलाखतीत गळला.

रविवारी त्याने यातलं काहीच काढलं नाही. एक अक्षर नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्याला काम येत नाही असंही नाही. पूर्वी आम्ही एकत्र काम केलंय. रात्री दोनला डेटाबेस अडकला की लॉग वाचून दहा मिनिटांत सांगायचा, कुठली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) कुलूप धरून बाकीच्यांना अडवून बसलीय. मला अजून तसं जमत नाही. पण समोर घड्याळ उलटं धावायला लागलं की त्याचे हात गार पडतात. आणि या चाचण्यांबद्दल माझंही मत फार बरं नाही. इतक्या वर्षांत ग्राफमधला, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या जाळ्यातला, सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा कोड स्वतःच्या हाताने लिहायची वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही.

नाही म्हणायचं हे ठरलंय. बहुतेक. पण ज्याच्याकडून नेमकं हेच घेतलंय, त्याला ‘हे बरोबर नाही’ कुठल्या तोंडाने सांगू?

---

रातकिडा

मी बसलो होतो आतल्या खोलीत. मावसभावासाठी. चाचणी उत्तम झाली, तिन्ही प्रश्न सुटले, नोकरी लागली, घरात आनंदीआनंद.

पहिल्याच आठवड्यात रात्री अकराला फोन: ‘दादा, एक छोटीशी शंका.’ मग स्क्रीन शेअर. मग रोज स्क्रीन शेअर. त्याच्या टीमने चाचणीतले गुण बघून त्याला त्याच्या कुवतीबाहेरचं काम दिलं होतं, आणि ते गुण माझे होते. चार महिने माझं काम आटोपून मी त्याचं काम करत होतो. नोकरी एक, माणसं दोन, पगार एकाला. शेवटी मी फोन उचलणं कमी केलं आणि पाचव्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. आजही लग्नकार्यात भेटला तर दोन शब्दांवर तिसरा बोलत नाही. मी मदत केली याचा राग नाही हो त्याला. मदत थांबवली याचा आहे.

तुमचा मित्र हुशार आहे म्हणता, त्यामुळे असं होणार नाही कदाचित. पण एकदा आत बसलात की ‘आता बास’ म्हणायची वेळ कधी ना कधी तुमच्यावरच येते. आज नाही म्हणालात तर निदान त्याची नोकरी तुमच्या गळ्यात नसेल.

---

खोडरबर

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. उमेदवारांच्या चाचण्या तपासणं हे माझ्या कामाचा भाग आहे. नीतीचं इतर लोक सांगतील, मी काय दिसतं ते सांगतो.

लोकांना वाटतं आमच्याकडे फक्त शेवटचा कोड येतो. बहुतेक ठिकाणी अख्खा प्रवास येतो. कुठली ओळ कधी लिहिली, काय खोडलं, काय एकदम चिकटवलं, किती वेळा दुसऱ्या टॅबवर गेलात. काही चाचण्या दुसरा मॉनिटर जोडलेला दिसला तर सुरूच होत नाहीत. पण हे सगळं सोडा. स्वतः विचार करणारा माणूस चुकतो, मागे जातो, व्हेरिएबलचं नाव बदलतो, मधला आकडा स्क्रीनवर दाखवणारी एक प्रिंटची ओळ उगाच टाकून बघतो. कानात ऐकून लिहिणारा बारा मिनिटं काहीच करत नाही आणि मग वरपासून खालपर्यंत एका दमात, एकही खाडाखोड न करता लिहितो. ते शुद्धलेखनासारखं दिसतं.

कोडची चोरी पकडायची साधनंही आजची नाहीत. ‘मॉस’ नावाचं साधन १९९४ पासून आहे, विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम एकमेकांशी ताडून पाहायला वापरतात. नावं बदलली, मोकळ्या ओळी घातल्या तरी ते फसत नाही, कारण ते नावांकडे बघतच नाही, रचनेकडे बघतं. तुमच्या बाबतीत त्याचा संबंध नाही म्हणा, तुम्ही कुणाचं उतरवून देणार नाही आहात.

खरी गंमत पुढच्या फेरीत असते. आम्ही चाचणीतलाच कोड उघडतो आणि विचारतो, ‘इथे यादी न वापरता डिक्शनरी (नोंद थेट शोधून देणारी रचना) का घेतलीत? ती काढली तर काय होईल?’ ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो. नाहीतर दोन मिनिटांत शांतता पसरते. ती शांतता मला स्वतःलाच सहन होत नाही, मी घाईघाईने पुढचा प्रश्न विचारतो.

चाचण्या कुचकामी, यावर मात्र पूर्ण वाद घालणार नाही. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या संशोधकांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. निवड करताना केलेलं मोजमाप आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ किती बसतो, तर कामाचा नमुना करून घेणाऱ्या चाचण्या ०.५४ ने सगळ्यात वर होत्या. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशोब पुन्हा तपासला तेव्हा हा आकडा ०.३३ वर उतरला आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ ने पुढे गेली. १ म्हणजे तंतोतंत मेळ, तेव्हा दोन्ही आकडे मिरवण्याजोगे नाहीत. मित्राने भरती करणाऱ्याला सरळ लिहावं: घड्याळाखाली माझे हात चालत नाहीत, घरी करायचं काम द्याल का, किंवा तुमच्यासमोर एखादा बिघाड शोधून दाखवू का? फार तर नाही म्हणतील. आम्ही दोनदा हो म्हटलंय. त्यातली एक बाई आज माझ्या शेजारी बसते आणि माझ्या चुका काढते.

---

सरळसोट

एवढा काथ्याकूट कशाला? कंपन्या जाहिरातीत लिहितात एक, काम देतात दुसरंच, आणि एका मेलवर अख्खी टीम घरी पाठवतात. तेव्हा कुठे जाते नीती? त्याने तुम्हाला १२ वर्षांपूर्वी न मागता दिलं. तुम्ही आता पोथी उघडून बसलात. जा आणि बसा.

---

अर्धविराम

@सरळसोट, हे मी स्वतःलाच चार वेळा सांगून बघितलंय. रागाच्या भरात पटतं. पण शनिवारी त्याच चाचणीला आणखी कुणीतरी सात महिने घरी बसलेला असेल, आणि त्याच्या आतल्या खोलीत कुणी नसेल. कंपनीचं काही जाणार नाही, जाईल ते त्याचं. १२ वर्षांपूर्वी त्या हॉलमध्ये माझ्या मागच्या बाकावर कोण होतं ते मला आठवतसुद्धा नाही. कुणीतरी होतं एवढं नक्की.

@खोडरबर, ‘शुद्धलेखनासारखं’ वाचून पोटात गोळा आला.

---

मधलीओळ

तुम्ही ‘हे बरोबर नाही’ असं सांगायला जाताच कशाला? ते त्यालाही माहीत आहे, म्हणून तर पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलला. उपदेश करायला तोंड नसेल तर उपदेश करू नका. ‘मला जमणार नाही’ म्हणा. स्वतःबद्दल बोला.

आणि त्या चार उत्तरांचं आधी तुम्हीच काढा. तो काढत नाही हा त्याचा चांगुलपणा आहे, त्याच्या आड लपू नका. मेसेजवर नको, भेटून. आणि शुक्रवारी रात्री नको. शुक्रवारी रात्रीचा नकार म्हणजे गाडी सुटायच्या वेळी तिकीट काढून घेण्यासारखं. आज जा. त्याच्या हातात चार दिवस तरी राहू देत.

बारा वर्षांचं देणं फेडायचंच असेल तर हे चार दिवस त्याला द्या.

---

अर्धविराम (रविवार)

काय झालं ते सांगतो.

मंगळवारीच गेलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती, ती दारातच विसरलो. बसल्याबसल्या म्हणालो, ‘त्या पेपरात मी तुझी चार उत्तरं बघितली होती.’ तो म्हणाला, ‘चार? मला वाटलं एकच.’ आणि हसला. मग मी म्हणालो, ‘शनिवारी मी येणार नाही. मला भीती वाटते, आणि मला ते करायचंही नाही.’ हसू गेलं. बराच वेळ मोबाइलवर काहीतरी सरकवत बसला. मग म्हणाला, ‘तेव्हा मी तुला काही विचारलं नव्हतं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

उठून आलो असतो, पण मधलीओळ यांचं शेवटचं वाक्य डोक्यात होतं. विचारलं, सराव करायचा का. ‘नको’ म्हणाला. बुधवारी संध्याकाळी त्याचाच मेसेज: ‘ये.’

तीन संध्याकाळी बसलो. घड्याळ लावून. मी बोलायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवलं. पहिल्याच प्रश्नात दिसलं की तो प्रश्न वाचतच नाही, दुसऱ्या ओळीलाच हात कीबोर्डवर. साधाच प्रश्न होता: यादीतल्या कुठल्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या आकड्याएवढी होते? त्याने एकात एक दोन लूप लिहिले, म्हणजे प्रत्येक संख्या बाकी प्रत्येक संख्येशी जोडून बघायची. नमुन्याची उदाहरणं पास, खरी चाचणी नापास. तिथेच हात गार.

मग एकच सवय लावली. आधी प्रश्नाच्या खाली जाऊन मर्यादा, म्हणजे यादी किती मोठी असू शकते ते, वाचायची. यादी एक लाखाची असेल तर दोन लूप म्हणजे एक लाख गुणिले एक लाख, हजार कोटी पावलं. साधारण सेकंदाला दहा कोटी धरली तरी शंभर सेकंद, आणि मुभा असते दोन-चार सेकंदांची. म्हणजे हा रस्ता लिहायलाच घ्यायचा नाही. क्रम लावून घेतला तर काम सतरा-अठरा लाखांच्या आसपास येतं, डिक्शनरी वापरली तर एकाच फेरीत. हे सगळं त्याला येतंच होतं! डेटाबेसमध्ये इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) नसला की तो हेच तर बोलायचा. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू ही गोष्ट मी १२ वर्षं लपवून ठेवली होती.

खोडरबर यांनी सुचवलेला मेलही गुरुवारी त्याने पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं: सगळ्यांना एकच चाचणी, बदल करता येणार नाही.

शनिवारी नऊला मी माझ्या घरी होतो. साडेनऊ ते अकरा फोन उलटा ठेवून भांडी घासत होतो, घासलेलीच परत. सव्वाअकराला मेसेज आला: ‘पहिला पूर्ण. दुसरा पूर्ण, पण शेवटच्या मिनिटाला. तिसरा अर्धा.’ निकाल आठवड्याने. अर्ध्या तिसऱ्यावर पुढे बोलावतील का, खोडरबर, तुम्ही काही सांगू शकाल?

माझ्यावरचा राग गेलाय असं मला वाटत नाही. पूर्वी फोन ठेवताना ‘चल रे’ म्हणायचा. काल नुसता ठेवला. पण रात्री उशिरा तिसऱ्या प्रश्नाचा कोड पाठवला, पूर्ण केलेला, घड्याळ नसताना. खाली लिहिलं होतं, ‘हा बघ. चूक सापडली तर सांगू नकोस, मी शोधतो.’

चूक आहे. अकराव्या ओळीत. सांगितली नाही.