आंब्याच्या फळीतील लाटा उठवायच्या, पण रंग फिकटच ठेवायचा

प्रश्न (हौशी सुतार, नाशिक)
देवघराच्या पाठीसाठी आंब्याची एक फळी मिळाली आहे. रंधा मारल्यावर तिच्यात आडव्या लाटा दिसल्या आणि समई सरकवली की त्याही सरकल्यासारख्या भासतात. एका तुकड्यावर जवसाचे तेल लावून पाहिले; लाटा झकास उठल्या, परंतु लाकूड मधासारखे पिवळे झाले. फिकटपणा राखण्यासाठी काय लावावे?

प्रतिसाद १
लाट दिसते ती तंतू नागमोडी असल्यामुळे. जिथे तंतूंची कापलेली तोंडे वर येतात तिथे लावलेले द्रव्य अधिक मुरून तो भाग गडद होतो, आणि जिथे ते आडवे पडतात तिथे उजेड परततो. म्हणून काहीतरी मुरायला हवेच, मात्र ते रंगहीन हवे. जवसाचे तेल वाळल्यावरही पिवळे होत राहते, त्यातही अंधाऱ्या जागी अधिक. देवघरासाठी ते मुळीच नको. मेण काढलेला फिकट चपडा (लाखेचे पापुद्रे, म्हणजे शेलॅक) १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून बोळ्याने दोन पातळ हात द्यावेत. बाजारातला नेहमीचा नारिंगी चपडा घेतल्यास सारे मुसळ केरात. नुसता चपडा समईच्या उष्णतेने मऊ पडू शकतो, त्यामुळे वर पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात द्यावेत.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. गिटार घडवणारे मेपलच्या लाकडावर आधी गडद रंग मुरवतात आणि मग तो घासून काढतात, म्हणजे तो फक्त लाटांमध्ये उरतो. हा प्रयोग मी आंब्यावर केला आणि पस्तावलो, कारण बुरशीने निळसर झालेल्या मऊ जागांनी रंग टीपकागदासारखा शोषला. त्यापेक्षा धारदार स्क्रेपरने (खरवडायच्या पोलादी पातीने) फळी साफ करावी. पॉलिश पेपरने घासल्यावर निघणारी बारीक भुकटी रंध्रांत बसली की लाटा धुरकट दिसतात.

प्रतिसाद ३
एक सावधगिरीची सूचना. पावसाळ्यातील दमट हवेत चपड्यावर पांढरट झाक येते. माझ्या चौरंगावर ती आली होती आणि कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा फिरवल्यावरच गेली.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज एका तुकड्याच्या अर्ध्या भागावर चपडा लावला आणि अर्धा कोरा ठेवला आहे. फळीला मात्र दसऱ्यानंतरच हात लावीन.