नववीच्या पोराच्या हातात दाखला देणं बरोबर आहे का?

मिरजकर: आमच्या गल्लीतल्या नववीच्या पोराला शाळेनं दिवाळीनंतर दाखला दिला. मारामारी केली होती, हे खरं. वडिलांना बोलावून अर्ज लिहून घेतला. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'पालकांच्या विनंतीवरून', वर्तणूक 'चांगली'. कागदावर कुणी काढलंच नाही, मग दाद कशाविरुद्ध मागायची? नेमकं काय झालं, हे पोराला कुणी विचारलंही नाही. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते अजून दप्तर घेऊन शाळेच्या वेळेला बाहेर पडतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ ला दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली, काढायची नाही. नववीत मात्र हे संरक्षण संपतं. माझ्या मते तिथंही काढणं बंद व्हावं.

तासगावचे सर: मिरजकर, 'चांगली' हा शेरा आम्ही पोरासाठीच देतो. वाईट लिहिलं तर दुसरी शाळा दारात उभं करणार नाही. आमच्याकडं एका मुलाच्या डोक्याला टाके पडले. त्याची आई विचारत होती, उद्या याला त्याच वर्गात कसा पाठवू? तिला काय सांगायचं होतं मी?

वाळव्याची आई: सरांशी सहमत. माझ्या मुलीला त्रास देणारा वर्गातच राहिला आणि तिनं शाळा सोडली. तिच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

कुपवाडकर: सर, मला नववीतनंच काढलंय. मी मारलं होतं, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या शाळेत "मधेच का आलास?" म्हणून विचारलं, तेव्हा वडील खाली बघत होते. मारापेक्षा ते लागलं. आधीच्या वर्गातली पोरं रस्त्यात दिसली की पलीकडनं जायची. त्या शाळेनं घेतलं नाही, मग गॅरेजवर लागलो. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली. अभ्यास कुणाला विचारायचा, हेच कळायचं नाही. ताई, तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. ती तरी परत जावी.

मिरजकर: ताई, मुलीवर अन्यायच झाला. पण कुपवाडकरांसारख्याला घालवून ती वर्गात परत आली असती का? काढायचंच असेल तर मुलाचं म्हणणं लेखी घ्या, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्या, दुसऱ्या शाळेत जागा पक्की करा, मगच दाखला द्या. आपल्या भागात तरी हे सांगावं लागू नये. कर्मवीर भाऊरावांनाही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून काढलं होतं. त्याच माणसानं १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली.

तासगावचे सर: कर्मवीरांचं उदाहरण इथं बसत नाही. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाहून आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना काढलं. ते तत्त्वासाठी होतं, इथं डोकं फुटलंय. आधी जागा, मग दाखला, हे मात्र मान्य. पण मंजुरी येईपर्यंत दोघांना कुठं बसवू?

वाळव्याची आई: तुकडी बदला, सर. आणि बदलायची ती मारणाऱ्याची. आमच्याकडं माझ्या मुलीला बदलून घे म्हणाले होते.