उष्माघात, उष्णतेचा ताण आणि प्रथिनांची पाठराखण

प्रश्न : हिवतापाच्या परजीवीवरील एका लेखाचे भाषांतर करताना 'हीट शॉक प्रोटीन' या संज्ञेसाठी मी 'उष्माघात प्रथिने' असे लिहिले. कच्चा मसुदा वाचणाऱ्याने लगेच विचारले, की परजीवीला ऊन कुठे लागते? 'हीट स्ट्रेस' आणि 'शॅपरोन' या शब्दांपाशीही मी अडलो आहे. कोणते पर्याय योग्य ठरतील?

उत्तर : वाचणाऱ्याची शंका रास्त आहे. 'उष्माघात' हा शब्द मराठीत उन्हाने माणूस कोसळण्याच्या अवस्थेसाठी रूढ झाला आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. 'शॉक'साठी 'धक्का' चालेल, कारण या संज्ञेचा उगमच एका अचानक बसलेल्या धक्क्यात आहे. फेरुच्चो रितोसा हे इटालियन संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पाहत असताना ऊबपेटीचे तापमान चुकून वाढले, आणि त्या पट्टेदार गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे ठराविक जागी उमटले. ते निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी पेशीत कोणती प्रथिने घडवण्याची घाई चालते हे कळायला १९७४ उजाडले. मात्र हीच प्रथिने जड धातू किंवा प्राणवायूची कमतरता अशा इतर ताणांतही वाढतात, आणि त्यांतील बरीचशी सामान्य तापमानालाही पेशीत हजर असतात, त्यामुळे मूळ नावच काहीसे फसवे आहे. 'हीट स्ट्रेस'साठी सरळ 'उष्णतेचा ताण' म्हणावे. जोडशब्दाचा हट्ट नको.

'शॅपरोन'साठी मला 'पाठराखी प्रथिने' हा शब्द सुचवावासा वाटतो. पाठराखीण सोबत जाते, नवख्या जागी सांभाळून घेते आणि काम झाले की परतते. ही प्रथिनेही नव्या किंवा उलगडू लागलेल्या प्रथिनाला धरून ठेवतात, पण त्याच्या अंतिम रचनेचा भाग होत नाहीत. प्रथिनाची साखळी दुमडून नेमक्या आकारात बसते त्या 'फोल्डिंग'ला तर 'घडी' हा शब्द तयारच आहे. उष्णतेने घडी विस्कटते, आत दडलेले जलद्वेषी (पाणी टाळणारे) भाग उघडे पडतात, ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. 'एचएसपी ७०' (एचएसपी म्हणजे 'हीट शॉक प्रोटीन') हे पाठराखे प्रथिन नेमके ते उघडे भाग धरते आणि एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा खर्चून सोडते, म्हणजे घडी पुन्हा बसण्याची संधी मिळते. (नावातील ७० हा आकडा किलोडाल्टन या रेणूंच्या एककातील अंदाजे वस्तुमानाचा आहे, तापमानाचा नव्हे, भाषांतरात ही गफलत सहज होते.)

दुसरे मत : 'पाठराखी' आवडले, परंतु पाठ्यपुस्तकात पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'शॅपरोन' हा शब्दही द्यावा, नाहीतर विद्यार्थी पुढे अडेल.

प्रश्नकर्ता : मान्य. पण परजीवीच्या बाबतीत 'ताण' हा शब्द सौम्य होत नाही का?

उत्तर : होत नाही, कारण त्याच्यासाठी हा ताण वारंवार येणारा आहे. डासाच्या शरीराला स्वतःचे स्थिर तापमान नसते. तिथून परजीवी माणसाच्या ३७ अंश सेल्सिअसमध्ये येतो, आणि रक्तपेशी फोडून बाहेर पडताना स्वतःच जो ताप चढवतो तो ४० अंशांच्याही वर जाऊ शकतो. हिवतापाच्या परजीवीची एक जात असलेल्या प्लास्मोडियम फाल्सिपेरमचे रक्तातील चक्र सुमारे ४८ तासांचे असते. जुन्या मराठीतील 'एकांतरा' हा दिवसाआड येणाऱ्या तापाचा शब्द अशा चक्राशी चपखल जुळतो, तेव्हा लेखात तो जरूर वापरा.

एक तपशील मात्र भाषांतरात निसटू देऊ नका. बहुतेक दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशींत पाठराख्या प्रथिनांची जनुके जागी करणारा 'एचएसएफ १' नावाचा घटक असतो. या परजीवीत तो नाही. त्याचे काम 'एपी२-एचएस' हा वेगळाच घटक करतो, असे २०२१ मध्ये दाखवले गेले, आणि तो निकामी केलेले परजीवी तापाइतकी उष्णता नीट सोसू शकत नाहीत. म्हणून 'सर्व पेशी याच यंत्रणेने बचाव करतात' असे वाक्य मसुद्यात असेल, तर त्यातील 'याच' हा शब्द काढून टाकावा.