‘ओके’चे मूळ: बोस्टनच्या वृत्तपत्रातील विनोद की गुलामांची बोली?

मूलशोधक (धागाकर्ता)

‘ओके’ या शब्दाचे मूळ अज्ञात आहे, असे अजूनही अनेक ठिकाणी बिनदिक्कत छापले जाते. माझ्या मते १९६४ नंतर हे विधान कोणी करण्याचे कारण उरलेले नाही. कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमाला लिहून या शब्दाचा माग काढला. २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये, चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांच्या संपादकीय मजकुरात, ही दोन अक्षरे आली आणि त्यांच्यापुढेच ‘ऑल करेक्ट’ असा अर्थही दिलेला होता. त्या दोन शब्दांची खरी आद्याक्षरे ‘ए’ आणि ‘सी’. परंतु मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग (येथे ‘oll korrect’) करून त्याचे लघुरूप छापायचे, ही त्या वर्षीच्या बोस्टनकर पत्रकारांची लाडकी गंमत होती. ‘ऑल राइट’साठी ते ‘ओ.डब्ल्यू.’ लिहीत आणि ‘नो यूज’साठी ‘के.वाय.’.

बाकीची लघुरूपे विस्मरणात गेली आणि हे एकच टिकले, याचे कारण १८४० ची अध्यक्षीय निवडणूक. तिच्यातील उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक गावचे. त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत, आणि त्यांच्या समर्थकांनी न्यूयॉर्क शहरात ‘ओ.के. क्लब’ काढला. विरोधकांनी उलट हूल उठवली की माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसल्यामुळे ते कागदपत्रांवर ‘ऑल करेक्ट’ असे अशुद्ध लिहून ही अक्षरे टाकत. व्हॅन ब्युरेन हरले, पण त्या धुमाळीत शब्द देशभर पोहोचला. ग्रीकमधील ‘ओला काला’ (सर्व ठीक), स्कॉटलंडचे ‘ऑख आय’ (अहो, होय) किंवा युद्धातील ‘झिरो किल्ड’ (एकही ठार नाही) या व्युत्पत्ती आता मोडीत काढाव्यात, असा माझा प्रस्ताव आहे.

रेवदंडा

धागाकर्त्यांनी मोडीत काढण्याच्या यादीतून सर्वांत गंभीर दावा सोयीस्करपणे वगळला आहे. पश्चिम आफ्रिकी भाषांचे अभ्यासक डेव्हिड डाल्बी यांनी १९७० च्या सुमारास असे मांडले की सेनेगल आणि गांबियातील वोलोफ भाषेत ‘वाव’ म्हणजे ‘होय’ आणि त्यावर जोर देण्यासाठी ‘के’ जोडला की ‘वाव के’, म्हणजे ‘होय, अगदी’, असे होते. शेजारच्या मांडे भाषांतही याच्या जवळचे उच्चार आहेत. या प्रदेशांतून हजारो माणसे गुलाम म्हणून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर नेली गेली. मालकाच्या हुकमाला दिवसभर होकार देणे ज्यांच्या नशिबी आले, त्यांच्या होकाराचा शब्द मालकांच्या मुलाबाळांच्या तोंडी बसला असेल, यात अशक्य ते काय?

रीड यांची पद्धत छापील कागदावर उभी आहे, आणि १८३९ मध्ये बोस्टनचे संपादक कोणाचे बोलणे छापत होते, हा प्रश्न ती पद्धत स्वतःला विचारत नाही. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला शिकवणे हाच गुन्हा होता. ज्यांच्या हाती लेखणी जाऊ नये म्हणून कायदे केले गेले, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, हा न्याय मला पटत नाही.

काळी शाई

रेवदंडा यांचा रोष समजण्यासारखा आहे, पण रोष हा पुरावा नव्हे. इंग्रजीतील ‘बॅड’ आणि फारसीतील ‘बद’ यांचा उच्चार जवळजवळ एक आहे, अर्थ तर एकच आहे, आणि तरीही त्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. आपल्या ‘बदनाम’मधला ‘बद’ फारसीतून आला, इंग्रजीतला ‘बॅड’ स्वतंत्रपणे घडला. जगातील हजारो भाषांमध्ये दोन अक्षरी होकारार्थी उद्गार शोधायला निघालो तर डझनभर सापडतील. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या चॉक्टॉ भाषेतही ‘ओके’ अशा उच्चाराचे रूप आहे आणि त्याचा अर्थ ‘तसेच आहे’ असा सांगितला जातो. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ती व्युत्पत्ती इतकी आवडली होती की ते कागदपत्रांवर चॉक्टॉ पद्धतीचे स्पेलिंग करीत. आता ध्वनिसाम्य हीच कसोटी मानायची असेल तर वोलोफ खरे की चॉक्टॉ, हे कशाच्या आधारे ठरवणार?

जुन्या कागदांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे मात्र मी मान्य करतो. टेनेसीतील १७९० च्या न्यायालयीन नोंदीत ‘ओ.के.’ आहे, असे बराच काळ मानले जात होते. बारकाईने पाहिल्यावर ती अक्षरे ‘ओ.आर.’, म्हणजे ‘नोंदवण्याचा आदेश’ या अर्थाची निघाली.

रेवदंडा

लेखी पुरावाच हवा असेल तर तोही आहे. १७८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रवाशाच्या वृत्तांतात अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय गुलामाचे बोलणे जसेच्या तसे देण्याचा प्रयत्न आहे आणि त्याचे वाक्य ‘के, मासा’ (‘मासा’ म्हणजे ‘मास्टर’, मालक) असे सुरू होते.

दुसरे असे की, साउथ कॅरोलिना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गला बोलीला विद्वान मंडळी कित्येक वर्षे मोडकेतोडके इंग्रजी म्हणून हिणवत होती. लोरेन्झो डाओ टर्नर यांनी तेथील माणसांत बसून, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, १९४९ मध्ये त्या बोलीतील हजारो आफ्रिकी शब्द दाखवून दिले. ‘गंबो’ आणि भुईमुगाचा ‘गूबर’ हे शब्द तर प्रमाण कोशांतही आफ्रिकी म्हणूनच नोंदलेले आहेत. पुरावा नव्हता असे नाही. तो गोळा करायला कोणी गेले नव्हते.

मूलशोधक

१७८४ च्या त्या वाक्यातील ‘के’ हा होकार आहे, हे कशावरून? त्या गुलामाने मासेमारी करताना झोप लागल्याचा खुलासा देताना तो उद्गार काढला आहे. तेथे तो आश्चर्याचा किंवा विरोधाचा उद्गार म्हणूनच अधिक चपखल बसतो, आणि डाल्बी यांच्या टीकाकारांनी नेमके हेच दाखवले. टर्नर यांच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, परंतु त्यांच्या यादीतील बहुसंख्य शब्द व्यक्तिनामे आहेत, हे रेवदंडा यांनी सांगितले नाही. ‘गंबो’ ही वस्तू आफ्रिकेतून आली, तिच्याबरोबर नाव आले. होकाराच्या उद्गाराचे तसे नसते.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ‘ओके’ दक्षिणेतील मळ्यांतून पसरला असता तर त्याचे पहिले ठसे चार्ल्सटन किंवा न्यू ऑर्लिन्सच्या वृत्तपत्रांत, गुलामांच्या बोलीची नक्कल करणाऱ्या मजकुरात सापडायला हवे होते. तशा नकला त्या काळात भरपूर छापल्या जात. प्रत्यक्षात तो उत्तरेत उगवतो, लघुरूप म्हणून उगवतो आणि अर्थ शेजारी घेऊन उगवतो.

पारावरचा

दोन्ही बाजू उगमावर भांडत आहेत आणि अर्थ गृहीत धरत आहेत. बोस्टनच्या संपादकाचा ‘ओके’ म्हणजे ‘सर्व बिनचूक’. तारायंत्राच्या कारकुनाचा ‘ओके’ म्हणजे ‘संदेश मिळाला’. त्यात संदेश चांगला की वाईट, याचा संबंधच नाही. आजच्या इंग्रजीत ‘चित्रपट ओके होता’ म्हटले तर तो जेमतेम होता, असे समजतात. मराठीत मात्र हा शब्द वर चढला. २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून केलेले संभाषण गाजले, त्यातील ‘ओक्के’ला सरळ ‘मधी’ लागला, आणि त्याचा अर्थ ‘जेमतेम’ नक्कीच नव्हता. झाडी, डोंगर आणि हॉटेल यांच्या स्तुतीनंतर आलेला तो शब्द सर्वोच्च समाधानाचा होता. तेव्हा मूळ अर्थ सापडला म्हणजे शब्द कळला, या समजुतीत काही तथ्य नाही.

मूलशोधक

उगम सांगितल्याने आजचा अर्थ बांधला जातो, असा दावा मी कोठेही केलेला नाही. इतिहास आणि वापर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर रंजक आहे म्हणून पहिला बाद होत नाही.

रेवदंडा

पारावरचा यांच्या प्रतिसादातून मला माझाच मुद्दा सापडतो. मराठीत ‘ओके’ इतका सहज रुजला, कारण तो उच्चारायला सोपा आहे आणि त्याला विभक्ती प्रत्यय अडत नाहीत. अमेरिकेतही नेमके असेच घडले असेल. आपण पिढ्यानपिढ्या पत्राच्या मायन्यात ‘सा.न.वि.वि.’ लिहीत आलो, पण ते कोणी बोलले नाही. लघुरूप बोलीत शिरायला तिथे जागा आधीच तयार असावी लागते. १८३९ चा विनोद मी नाकारत नाही. तो छापला गेला तेव्हा देशाच्या दक्षिण भागात लाखो माणसांच्या कानांना होकाराचा मिळताजुळता आवाज परिचित असेल, तर ‘ओ.डब्ल्यू.’ मेला आणि ‘ओ.के.’ जगला, याचे सर्व श्रेय एका पराभूत उमेदवाराच्या गावाला देता येणार नाही.

काळी शाई

‘असेल, तर’ या दोन शब्दांवर आपला सगळा डोलारा उभा आहे. मळ्यांचे हिशेब, मिशनऱ्यांची पत्रे, पळालेल्या गुलामांच्या जाहिराती आणि पुढे मुक्त झालेल्यांनी स्वतः लिहिलेल्या आत्मकथा, असा प्रचंड साठा आज डिजिटल रूपात शोधता येतो. १८३९ पूर्वीचा, निर्विवाद होकाराच्या अर्थाचा एक जरी वापर त्यातून कोणी काढून दाखवला, तर मी रेवदंडा यांच्या बाजूला येईन. तोवर कोशात बोस्टनचीच नोंद राहावी.